मुंबईत पहिल्यांदा आमदारकीला उभं राहताय? आधी यादी वाचा

२०२४ च्या विधानसभेला आमच्या उपनगरातल्या एक ताई अपक्ष उभ्या राहिल्या आणि मी त्यांची निवडणूक प्रतिनिधी होते. मी एका सीएच्या ऑफिसात काम करते, म्हणून कागदपत्रं आणि हिशेब माझ्या गळ्यात पडले. त्याआधी बूथवर बसले होते, स्लिपा वाटल्या होत्या, पण उमेदवाराच्या बाजूने सगळी प्रक्रिया आतून बघायची ती पहिलीच वेळ. तेव्हापासून माझ्याकडे विचारायला लोक येतात. कोणी शिक्षक असतो, कोणी सोसायटीचा सेक्रेटरी, एकदा कोळीवाड्यातला एक तरुण आला होता. सगळ्यांचा पहिला प्रश्न बॅनरचा नाहीतर पैशांचा. माझा उलटा प्रश्न एकच असतो, तुमच्या मतदारसंघाची मतदारयादी वाचलीत का? ती वाचायला आजपासून सुरुवात करा. बाकीचं सगळं नंतर.

तुम्ही उभे राहू शकता का

छाननीच्या दिवशी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत तुमचं नाव हवं. म्हणजे घर मुलुंडला असेल तरी वरळीतून उभं राहता येतं. फक्त अशा वेळी आपल्या नावाच्या नोंदीची प्रमाणित प्रत मुलुंडच्या मतदार नोंदणी कार्यालयातून आणून अर्जासोबत जोडावी लागते. साधी झेरॉक्स किंवा मोबाइलवरची पीडीएफ चालत नाही.

मुंबईत ३६ जागा आहेत, १० शहर जिल्ह्यात आणि २६ उपनगर जिल्ह्यात. त्यांतल्या धारावी आणि कुर्ला अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. सरकारी नोकरी, सरकारकडून मानधन मिळणारं पद, चालू असलेलं सरकारी कंत्राट किंवा एखादी जुनी शिक्षा, यांतलं काहीही असेल तर घोषणेची वाट न बघता वकिलाला कागद दाखवून ठेवा.

यादी

मुंबईत २०२४ ला साधारण १ कोटी २ लाख मतदार होते, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी २ लाख ८० हजारांच्या आसपास. ही यादी भागांत विभागलेली असते आणि एक भाग म्हणजे साधारण एका मतदान केंद्राचे हजार-बाराशे मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला यादी मोफत मिळते, अपक्षाला ती मिळवावी लागते. पीडीएफ मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर असते. ती छापा. मोबाइलवर बघून यादी कळत नाही.

आम्ही ३१ भाग छापून घेतले आणि एप्रिलपासून दर शनिवार-रविवारी एकेक भाग हातात धरून चाललो. हिरवा पेन म्हणजे माणूस भेटला, लाल म्हणजे घर सोडून गेला, निळा म्हणजे वारला. पहिल्याच रविवारी एका पाड्यात शिरलो. यादीत चाळीस खोल्यांची नावं आणि समोर पत्र्याचं कुंपण. चाळ पाडून दीड वर्ष झालं होतं. कुंपणाबाहेर इस्त्रीवाले काका बसले होते. त्यांनी यादी हातात घेतली आणि एकेका नावावर बोट ठेवत सांगायला लागले, "हे विरारला गेले. हे डोंबिवलीला, भाड्याने. ही म्हातारी गेली बिचारी. हा आहे, पलीकडच्या संक्रमण शिबिरात." अर्ध्या तासात आमचं ते पान भरलं. काकांनी फोन नंबरही मिळवून दिले. मुंबईत पुनर्विकास चालू नाही असा वॉर्ड शोधून सापडणार नाही, त्यामुळे असे इस्त्रीवाले, किराणावाले, गिरणीवाले प्रत्येक गल्लीत गाठावेच लागतात. विरारला गेलेल्या माणसाचं मत अजून इथेच आहे. तो मतदानाच्या दिवशी लोकल पकडून येईल की नाही, हे बऱ्याचदा त्याला कोणी आपुलकीने फोन केला का यावर ठरतं.

झोपु म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या इमारतीत वेगळीच अडचण. यादीत जुन्या झोपडीचा नंबर, राहायला सातव्या मजल्यावर, आणि मजले-खोल्यांचा ताळमेळ यादीत कुठेच नाही. टॉवरमध्ये तर वॉचमन गेटवरच थांबवतो. तिथे आधी सेक्रेटरींना लेखी पत्र द्यावं, वेळ मागावी, आणि क्लब हाऊसमध्ये पंधरा माणसं जमली तरी आनंदाने बोलावं.

यादीतली चूक दिसली की ती तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावा. नव्या नावासाठी नमुना ६, पत्ता बदलला असेल किंवा दुरुस्ती असेल तर नमुना ८. आता वर्षातून चार पात्रता तारखा असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्यामुळे नुकतीच अठरा पूर्ण झालेली मुलं वर्षभर यादीत येत राहतात. त्यांचा अर्ज तुम्ही बसून भरून दिलात तर ती तुम्हाला विसरत नाहीत. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत नवं नाव घेतलं जात नाही.

आणि हे सगळं कशासाठी? २०१९ ला चांदिवलीचा निकाल ४०९ मतांनी लागला. २०२४ ला माहीममध्ये फरक होता १,३१६ मतांचा. एका-दोन यादी भागांची ही गोष्ट आहे.

पक्ष की अपक्ष

यात मी सल्ला देत नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. एक मात्र सांगते. तिकिटाच्या आशेवर असाल तर पक्षाचे ए आणि बी फॉर्म, म्हणजे उमेदवारी तुम्हालाच दिल्याचे पक्षाचे कागद, अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडायला हवेत, तेही शाईच्या सहीचे. अनेक जण शेवटच्या दुपारपर्यंत फोनकडे बघत बसतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक, म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, पुरतो, पण ए-बी फॉर्म आलाच नाही तर एका सूचकावर भरलेला अर्ज कामाचा राहत नाही. म्हणून दहा सूचकांचा वेगळा अर्जही तयार ठेवा.

ज्यांना वाटतं आपलं काम अजून लहान आहे, त्यांनी मृणालताई गोरेंचं उदाहरण आठवावं. त्या १९६१ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून आल्या आणि विधानसभेत गेल्या १९७२ मध्ये. मधली अकरा वर्षं त्यांनी पाण्यासारख्या रोजच्या प्रश्नावर लोकांबरोबर काढली, म्हणून तर लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणायला लागले. पाच वर्षं आधी एका नळाच्या रांगेपासून सुरुवात करणं म्हणजे उशीर नव्हे.

अर्ज

तारखा किती घाईच्या असतात ते २०२४ वरून बघा. १५ ऑक्टोबरला घोषणा आणि आचारसंहिता, २२ ला अधिसूचना, २९ ला अर्जाची शेवटची तारीख, ३० ला छाननी, ४ नोव्हेंबरला माघार, २० ला मतदान, २३ ला मोजणी. शेवटची तारीख धनत्रयोदशीला आली होती. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ मध्येच घेतात, सुट्टीच्या दिवशी घेत नाहीत. नोटरी दिवाळीच्या खरेदीला गेलेला, बँकेत गर्दी, सूचक गावाला. म्हणून कागद गणपतीतच तयार करायला घ्या.

विधानसभेचा अर्ज म्हणजे नमुना २बी. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. ती रोख किंवा कोषागारात चलनाने भरायची, चेक घेत नाहीत. एका मतदारसंघात तुम्ही चार अर्ज भरू शकता आणि अनामत एकदाच लागते. चारही भरा. का ते सांगते.

अपक्षाला दहा सूचक लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. आमच्या पहिल्या अर्जातले नववे सूचक म्हणजे ताईंच्या शाळेतले निवृत्त सर. आम्ही त्यांना वीस वर्षं ओळखतो, दोन गल्ल्या सोडून राहतात. छाननीच्या टेबलावर साहेबांनी यादी उघडली, नाव शोधलं, पुन्हा शोधलं. सरांची इमारत रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होती आणि मतदारसंघाची हद्द त्याच रस्त्यावरून जात होती. पिनकोड एक, भाजीबाजार एक, मतदारसंघ वेगळा. तो अर्ज तिथेच बाद झाला. माझे पाय गार पडले होते. दुसऱ्या अर्जात आम्ही पूर्ण वेगळे दहा सूचक घेतले होते, तो टिकला म्हणून ताई उभ्या राहिल्या. चूक सर्वस्वी माझी होती. मी प्रत्येकाचा यादी भाग आणि अनुक्रमांक अर्जावर लिहिला, पण सरांचा त्यांनी फोनवर सांगितला तसाच लिहिला. तुम्ही तसं करू नका. प्रत्येक सूचकाची नोंद स्वतः यादीत बोट ठेवून बघा. एखादे सूचक अंगठा उठवणारे असतील तर तो अधिकाऱ्यासमोर उठवावा लागतो, त्यांना त्या दिवशी सोबत न्या.

अर्ज भरायला जाताना कार्यालयाच्या १०० मीटरच्या आत तीनच गाड्या आणि आत उमेदवारासह पाचच माणसं सोडतात. मिरवणूक काढायची तर बाहेर काढा. ऑनलाइन माहिती भरता येते, पण तिचा छापील कागद सहीनिशी प्रत्यक्ष द्यावाच लागतो. अर्ज दिल्यावर, छाननीच्या तारखेच्या आधी, राज्यघटनेवरच्या निष्ठेची शपथ किंवा प्रतिज्ञा अधिकाऱ्यासमोर घ्यायची असते. अर्ज दिल्या दिल्या घेऊन टाका आणि तिचं प्रमाणपत्र मागा. घाईत ही गोष्ट खरंच राहून जाते.

शपथपत्र, म्हणजे नमुना २६

इथे एक रकाना मोकळा राहिला तरी अर्ज जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट केलं आहे की मतदाराला माहिती मिळण्याचा हक्क आहे, म्हणून रकाने कोरे ठेवून चालत नाही. लागू नसेल तिथे 'लागू नाही' किंवा 'निरंक' असं अक्षरांत लिहा, रेघ ओढू नका. अर्ज देताना अधिकारी तपासणी सूची भरून देतात, त्यात काय कमी आहे ते लिहिलेलं असतं आणि सुधारलेलं शपथपत्र द्यायला वाव मिळतो. शेवटच्या दिवशी पावणेतीनला पोचलात तर ही सोय असून नसल्यासारखी. आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो होतो.

काय काय भरायचं? पॅन, गेल्या पाच वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रातली मिळकत, स्वतःची, नवऱ्याची किंवा बायकोची आणि अवलंबून असलेल्यांची सगळी मालमत्ता, कर्जं, सरकारी येणी, शिक्षण, समाजमाध्यमांवरची खाती. मुंबईकरांचं इथे हमखास अडतं ते गावच्या जमिनीवर. आजोबांच्या नावावर असेल असं आपण धरून चालतो आणि सातबारा काढला की भावंडांबरोबर आपलंही नाव निघतं. ताईंच्या बाबतीत चिपळूणजवळची साडेसहा गुंठे जमीन अशीच निघाली. सातबारा आधीच काढा. दागिने वजनासकट लिहायचे असतात, तेव्हा कपाटातलं सोनं एकदा सराफाकडे तोलून आणा. सरकारी घरात राहिला असाल तर भाडं, वीज, पाणी, फोन यांची थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ते मिळायला वेळ जातो.

गुन्ह्यांचा रकाना चळवळीतल्या माणसांनी दोनदा वाचावा. पाण्यासाठी केलेला रास्ता रोको, जमावबंदी मोडल्याचा गुन्हा, आठ वर्षांपूर्वीची एखादी तारीख, हे सगळं आपण विसरतो आणि कोर्टाच्या दप्तरात ते जिवंत असतं. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज करून यादी मागा. प्रलंबित गुन्हा असला म्हणून उभं राहता येत नाही असं नाही, पण तो लिहायला हवा आणि वर्तमानपत्रात व टीव्हीवर तीन वेळा जाहीर करायला हवा. तो खर्चही तुमच्या हिशेबात धरा. लपवलेली गोष्ट निवडून आल्यावरसुद्धा उच्च न्यायालयात निवडणूक याचिका होऊन समोर येऊ शकते. तिची मुदत निकालापासून ४५ दिवस असते.

चिन्ह आणि चौदा दिवस

अपक्षाला मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंतीक्रमाने तीन चिन्हं लिहायची असतात. लहान मुलाला काढता येईल आणि आजीला एका शब्दात सांगता येईल असं चिन्ह निवडा. ते हातात पडतं माघारीच्या दिवशी दुपारी ३ नंतर. २०२४ ला म्हणजे ४ नोव्हेंबरला, आणि प्रचार संपला १८ ला संध्याकाळी ६ वाजता. दोन आठवडे. त्याआधीचं साहित्य चिन्हाशिवाय छापावं लागतं. प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आणि प्रतींची संख्या हवी, नाहीतर कारवाई होते.

आता हिशेब करा. दोघांची एक जोडी संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळात फार तर साठ दारं वाजवते. दहा जोड्या असतील तर चौदा दिवसांत आठ हजार चारशे घरं, म्हणजे पंचवीस हजार मतदारांच्या आसपास. दुसरीकडे, अडीच-पावणेतीन लाखांच्या मतदारसंघात दीड लाख मतदान झालं तर अनामत वाचवायलाच वैध मतांचा सहावा हिस्सा, म्हणजे पंचवीस हजारांहून जास्त मतं लागतात. सगळ्या मतदारसंघात हिंडण्याचा मोह म्हणूनच आवरा. जिथे तुमचं काम आहे ते पन्नास-साठ भाग पक्के करा आणि एप्रिलपासून तिथे फिरलेले असा. चौदा दिवसांत लोकांना फक्त चिन्ह सांगायचं उरलं पाहिजे.

स्टेशनबाहेर पत्रकं वाटणं दिसायला छान असतं, पण बाहेर पडणारी निम्मी माणसं रिक्षा पकडून दुसऱ्याच मतदारसंघात जातात. आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या आणि ते थांबवलं. त्यापेक्षा पहाटे साडेपाचला दूध केंद्रावर उभं राहिलेलं कामी आलं, कारण तिथे येणारा माणूस शंभर टक्के त्याच गल्लीतला असतो.

सभा, रॅली, गाडी, लाउडस्पीकर या सगळ्याला एक खिडकीतून परवानगी मिळते. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. सोसायटीच्या भिंतीवर काही लावायचं तर लेखी संमती घ्या. टीव्ही, रेडिओ आणि समाजमाध्यमांवरच्या जाहिराती निवडणूक यंत्रणेच्या माध्यम समितीकडून आधी प्रमाणित करून घ्याव्या लागतात.

पैसा आणि तीन रंगांची पानं

खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. ती मर्यादा आहे, तेवढा खर्च करायलाच हवा असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी फक्त निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा. येणारा आणि जाणारा प्रत्येक रुपया त्यातून. एका माणसाला किंवा दुकानाला पूर्ण निवडणुकीत मिळून १०,००० रुपयांहून जास्त रोख देता येत नाही.

खर्चाच्या नोंदवहीत पांढरी, गुलाबी आणि पिवळी पानं असतात. पांढऱ्यावर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. मी ती रोज रात्री अकराला, शेवटचा कार्यकर्ता घरी गेला की भरायचे. खुर्च्या, मांडव, चहा, वडापाव, प्रत्येकाचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात. तुमच्या ओळखीच्या माणसाने खुर्च्या फुकट दिल्या तरी त्या ठरलेल्या दराने खर्चात धरायच्या. तुमच्या सभेचं चित्रीकरण होतं आणि खुर्च्या मोजल्या जातात. निवडणूक यंत्रणा तुमच्या खर्चाची वेगळी छाया नोंदवही ठेवते, तिच्यात शंभर आणि तुमच्या वहीत साठ असतील तर नोटीस येते. प्रचाराच्या काळात किमान तीन वेळा वही तपासायला न्यावी लागते. एकदा माझ्याकडून टेम्पोच्या डिझेलची पावती राहिली होती, ती मिळेपर्यंत ड्रायव्हरच्या घरी दोन खेपा झाल्या.

साड्या, भांडी, पाकिटं यांच्या वाटेला जाऊ नका. तो गुन्हा आहे, आणि ज्यांच्यासाठी आपण उभे आहोत त्यांचा तो अपमान आहे.

मतदानाचा दिवस

मतदान ७ ला सुरू होत असेल तर साडेपाचला अभिरूप मतदान असतं, किमान ५० मतं टाकून यंत्र तपासतात. तुमचा पोलिंग एजंट तेव्हा हजर हवा. सगळ्या केंद्रांवर एजंट बसवणं नव्या उमेदवाराला जमत नाही. जे पन्नास-साठ भाग धरले तिथे तरी बसवा आणि प्रत्येकाला एक बदली द्या, नाहीतर तो डब्यासाठी उठला की जागा रिकामी. संध्याकाळी नमुना १७ क ची प्रत घेतल्याशिवाय कोणी उठायचं नाही. त्यावर त्या केंद्रावरच्या मतांचा आकडा असतो आणि मोजणीच्या टेबलावर तोच ताडून बघायचा असतो. तुमचं टेबल केंद्रापासून १०० मीटरच्या बाहेर, आणि वाटायच्या स्लिपा साध्या पांढऱ्या कागदाच्या, नाव-चिन्ह नसलेल्या. लाल पेनने खुणावलेल्या लोकांना दोन दिवस आधी फोन करून मतदान केंद्र कुठलं ते सांगा, आणि ८५ च्या पुढच्यांना घरून मतदानाची सोय असते तिचा अर्ज वेळेत भरायला मदत करा.

मोजणी प्रतिनिधींची नावं तीन दिवस आधी द्यायची असतात. प्रत्येक टेबलाला एक माणूस धरा, आणि आकडेमोड न घाबरता करणारी माणसं निवडा.

निकालानंतर

जिंका किंवा हरा, खर्चाचा पूर्ण हिशेब निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरवलं जाऊ शकतं. हरलेल्यांचं इथे फार दुर्लक्ष होतं. मन उठलेलं असतं, कार्यकर्ते पांगलेले असतात, पावत्या कुठल्यातरी पिशवीत असतात. ताईंची अनामत गेली. मी बाविसाव्या दिवशी हिशेब दिला, पोच घेतली आणि तिची प्रत फाइलला लावली. त्या फाइलशेजारी तिरंगी खुणांच्या एकतीस याद्या आहेत. त्यांतल्या पाडलेल्या चाळीची नवी इमारत आता नवव्या मजल्यावर आली आहे, आणि चाव्या मिळाल्या की तिथल्या चाळीस घरांचे नमुना ८ भरायला आम्ही टेबल टाकणार आहोत.